गुलाटीआधी पडायला शिकवा

*नमस्कार सर,*

*मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. सहावी ते आठवी मिळून ५७ मुलं. या वर्षी शारीरिक शिक्षणाचे तासही माझ्याकडे आले. कारण विचारलं तर ‘तुम्ही तरुण आहात’. मी स्वतः शाळेत असताना कधी साधी कोलांटउडी मारलेली नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून जिम्नॅस्टिक्स सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलाची मान लचकली. त्याचे वडील शाळेत येऊन चार शब्द बोलून गेले. सातवी-आठवीच्या मुली ओट्यावर बसून राहतात. उलट आठवीतला एक मुलगा विहिरीत उलट्या उड्या मारण्यात पटाईत आहे, तो रोज मागे लागतो, “मॅडम, मले येते न, करून दाखवू का?” मुख्याध्यापक आणि सरपंचांना २६ जानेवारीला पाच थरांचा मनोरा हवाय, जमलं तर पेटत्या रिंगणातून उड्याही. मॅट नाहीत. गावातून मागून आणलेल्या कापसाच्या चार गाद्या आहेत. शिकवू, की खो-खो, कबड्डीवर भागवू?*

*एक शिक्षिका*

नमस्कार मॅडम,

शिकवा. मुलं तशीही करतच आहेत. सोयाबीन निघालं की कुटाराच्या ढिगावर, पाणी ओसरलं की नाल्याच्या रेतीत, उन्हाळा लागला की विहिरीच्या काठावरून. गावातल्या पोराला गुलाटी शाळेनेच शिकवावी असं काही राहिलेलं नाही. शाळेत फरक पडतो तो एवढाच की शेजारी मोठं माणूस उभं असतं आणि कशानंतर काय करायचं ते त्याने आधी ठरवलेलं असतं. तुमच्याकडून सुरुवात गुलाटीपासून झाली. व्हिडिओवाल्यांचीही तिथूनच होते, कारण बघायला तेच बरं दिसतं. सुरुवात पडण्यापासून करा.

पण आधी त्या मान लचकलेल्या मुलाचं. त्याला तुम्ही किंवा घरच्यांनी दवाखान्यात नेलं की गावातल्या चोळून देणाऱ्याकडे, हे पत्रात नाही. दुसरं झालं असेल तर आजच त्याच्या घरी जा. हाताला मुंग्या येतात का, हात जड वाटतो का, मान वळवताना दुखतं का, एवढं विचारा. यातलं एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर ग्रामीण रुग्णालय गाठायचं. काहीही नसलं तरी डॉक्टरने ‘खेळू दे’ म्हटल्याशिवाय त्याला गादीवर घेऊ नका. आणि पुढे कधी कोणी मानेवर आपटलंच, तर त्याला उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, मान ‘बसवायला’ तर कोणालाच हात लावू द्यायचा नाही. जसा पडला तसाच राहू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन लावा. हे मुलांनाही सांगून ठेवा. आपल्याकडे कोणी पडलं की चार जण हातपाय धरून उचलायला धावतात. माया असते त्यात, पण नेमकं तेच घातक ठरतं.

वडिलांवर रागावू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला त्यांना बोलवा आणि काय शिकवणार, कोणत्या क्रमाने शिकवणार, ते सगळ्यांसमोर सांगा. पालकांची लेखी संमती घ्या, त्याच कागदावर मुलाच्या तब्येतीचंही विचारून घ्या. फिट येते का, दमा आहे का, गेल्या वर्षभरात हाड मोडलं का, कानाचं दुखणं किंवा चक्कर आहे का. आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, तो सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याला पाणी कमी पडलं, अति दमछाक झाली किंवा थंडी बाधली की अंग आणि सांधे असह्य दुखू लागतात. त्या मुलाला बाजूला बसवायचं असं नाही. डॉक्टरांना विचारून घ्यायचं, त्याच्यासाठी पाण्याची बाटली आणि मधली विश्रांती ठरलेली ठेवायची, आणि तो ‘दुखतंय’ म्हणाला की वाद घालायचा नाही. डाउन सिंड्रोम असलेलं मूल वर्गात असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोलांटउडी अजिबात नको. अशा काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात.

आता गाद्या. कापसाची गादी झोपायला उत्तम, उडीला बेताचीच. कापूस एका जागी गोळा होतो, मध्ये खळगा पडतो आणि हात नेमका त्या खळग्यात जातो. दोन गाद्यांच्या मधली फट तर मनगटं आणि घोटे मुरगाळण्यासाठीच असते. तेव्हा गाद्या आधी उन्हात घालून काठीने झोडून घ्या. जाड ताडपत्रीवर त्या एकाला एक भिडवून अंथरा, वरून सतरंजी घट्ट ओढून चारी बाजूंनी सुतळीने ताडपत्रीला बांधा. सतरंजीला सुरकुती नको. गुंडाळून खोलीत ठेवलेली गादी वापरण्यापूर्वी पूर्ण उलगडून दोन्ही बाजूंनी झटकायची. विंचू आणि साप आपल्याला नवीन नाहीत, मुलांना तर मुळीच नाहीत, पण गादी उचलायचं काम बहुधा सहावीतल्या सगळ्यांत लहान पोराच्या अंगावर येतं.

मैदान काळ्या मातीचं असेल तर तिथे उघड्यावर काही करू नका. पावसाळ्यात ती पायाला धरते, पौष-माघात दगडासारखी होते आणि उन्हाळ्यात भेगांत पाय जातो. त्यापेक्षा लांब उडीसाठी रेतीचा खड्डा करून घ्या. गावकऱ्यांनी दोन ट्रॉल्या रेती टाकली तर काम झालं. दर वेळी फावड्याने रेती मोकळी करायची आणि काचा, काटे वेचून काढायचे. उड्या मारून उतरायचा सराव या खड्ड्यात फार छान होतो. समग्र शिक्षा योजनेत उच्च प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी १०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. ते पैसे दरवर्षी बॅट-बॉल आणि कॅरमवर जातात. या वर्षी मुख्याध्यापकांकडे दोन बऱ्यापैकी मॅटचा आग्रह धरा. शिक्षकाची मदत मात्र सरकारकडून मिळेल अशी आशा धरू नका. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर गेला तरच शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो. तुमचा पट ५७ आहे. म्हणजे तुम्हीच.

त्याने बिघडत नाही. तुम्हाला स्वतःला कोलांटउडी येत नाही ही उणीव मी मोठी मानत नाही. ज्याला येते तो करून दाखवतो आणि ‘असं करा’ म्हणतो. ज्याला येत नाही त्याला ती तुकड्या-तुकड्यांत समजून घ्यावी लागते. विज्ञान शिकवता ना तुम्ही? गुरुत्वमध्य, आधाराचं क्षेत्रफळ, तरफ, सगळं इथे आहे. टाचा जोडून उभ्या मुलाला खांद्याला हलकं ढकला आणि पाय फाकवून उभ्या मुलालाही. आठवीच्या वर्गात दोन तास घेणारा धडा पाच मिनिटांत होईल.

पहिले दोन-तीन आठवडे डोकं खाली जाईल असं काहीच करायचं नाही. आधी अंग तापवायचं. डिसेंबरात सकाळी गार असतं, आखडलेल्या अंगाने गादीवर जाऊ नये. मैदानाला दोन फेऱ्या, मग अस्वलचाल (हात-पाय टेकून, कंबर वर ठेवून चालणं), खेकडाचाल (पोट वर करून हात-पायांवर चालणं), बेडूकउडी. मुलांना हा खेळ वाटतो. खरं काम असं की अस्वलचालीत हातावर भार घ्यायची सवय लागते, खेकडाचालीत खांदे उघडतात. पुढे हातांवर उभं राहायचं तर आधी या हातांनी अंग पेललं पाहिजे. मनगटं दोन्ही दिशांनी फिरवून घ्या. शेतात वेचणीला गेलेल्या मुलांचे हात दणकट असतात, पण मनगट मागे वळवून त्यावर भार द्यायची सवय त्यांनाही नसते.

मग आकार. गुडघे छातीशी घेऊन गोळा होणं. पाय सरळ ठेवून कमरेत वाकणं. पाय फाकवून बसणं. पाठीवर झोपून हात-पाय आणि खांदे जमिनीपासून थोडे उचलून पोट आत ओढून धरणं, आणि पालथं होऊन तेच उलट करणं. प्रत्येक आकार पाच आकडे धरायचा. दिसायला काहीच नाही, पण पुढची प्रत्येक उडी याच आकारांतून जाते. ज्याला जमिनीवर गोळा धरता येत नाही त्याला हवेत कुठून धरता येणार?

त्यानंतर उतरणं. याला सगळ्यांत जास्त वेळ द्या. ओट्याची एक पायरी, फूटभर उंच, पुरते. त्यावरून खाली उडी. दोन्ही पाय एकदम, आधी पंजे मग टाच, गुडघे वाकलेले आणि बोटांच्या दिशेतच, आत एकमेकांवर आपटणारे नाहीत. हात पुढे, नजर समोर. उतरल्यावर तीन आकडे होईपर्यंत जागचं हलायचं नाही. आवाज ऐका. धप्प आवाज आला तर गुडघे ताठ होते, हे मुलंच एकमेकांना सांगू लागतील. मग तीच उडी अर्धी वळून, मग हवेत गुडघे छातीशी घेऊन. मुलांना कंटाळा आला तर त्यांना दीपा कर्माकरची २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधली उडी दाखवा. त्रिपुराच्या या मुलीने हवेत दोन गुलाट्या घेऊन उतरायची ‘प्रोडुनोव्हा’ ही भलतीच अवघड उडी मारली, उतरताना मात्र ती जवळजवळ बसलीच. चौथी आली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही शेवटी पायांवर नीट उतरण्याचाच हिशेब द्यावा लागतो, हे पोरांना एका व्हिडिओत कळतं.

उतरण्याइतकंच पडणं. तोल गेला की हात मागे ताठ टेकायची सगळ्यांना सवय असते, आणि मनगट, कोपर मोडतं ते त्याच हातावर पडून. उकिडवं बसायचं, मागे लोळायचं, पाठ गोल, हनुवटी छातीशी, हात मागे न टेकता पुढे किंवा बाजूला. पाठीवर पुढे-मागे डोलायचं आणि परत पायांवर यायचं. हे वीस-पंचवीस वेळा हसतखेळत झालं की निम्मी कोलांटउडी झालेलीच असते.

आता कोलांटउडी, जिथे तुमच्या मुलाची मान गेली. पंधरापैकी दहा मुलं टाळू जमिनीला टेकवतात आणि तिच्यावरून पलटी खातात. सगळा भार मानेवर. गुरुजी ओरडतात, “मान आत घे!” मूल घेतं आणि हात टेकताच परत वर बघतं, कारण उलटं होताना जमीन दिसावीशी वाटते. यावर उपाय रुमालाचा. घडी केलेला हातरुमाल हनुवटी आणि छातीच्या मध्ये धरायला लावा. कोलांटउडी पूर्ण होऊन उभं राहीपर्यंत तो पडला नाही पाहिजे. तुमच्या शंभर सूचनांचं काम तो रुमाल करतो. बाकी असं: उकिडवं बसायचं, तळवे खांद्याएवढ्या अंतरावर, बोटं पसरून पुढे. पाय सरळ करत कंबर वर उचलायची, डोक्याच्याही वर. हातांनी भार धरून ठेवायचा आणि डोक्याचा मागचा भाग जेमतेम शिवून खांद्यांवर उतरायचं. डोकं नुसतं मधून निघून जातं, भार घेत नाही. पायांनी ढकलायचं, उडी मारायची नाही. उठताना हात पुढे लांबवायचे, जमिनीला टेकायचे नाहीत.

ज्यांना वजनामुळे किंवा भीतीने जमत नाही, त्यांच्यासाठी उतार करा. एक गादी दुमडून दुसरीच्या टोकाखाली सरकवली की झाला. वरच्या टोकाकडून खाली लोळायला निम्मा जोर पुरतो. तुम्ही बाजूला गुडघ्यावर बसा. एक हात मांडीच्या मागे, दुसरा पाठीच्या वरच्या भागावर, आणि डोक्याला हात लावून ढकलायचं कधीच नाही. वरच्या वर्गातल्या दांडग्या मुलाला ‘तू धर रे’ म्हणून हे काम देऊ नका.

मागची कोलांटउडी या वर्षी सोडा. शीर्षासनही सोडा. योगासनांच्या नावाखाली ते कुठल्याही शाळेत सर्रास करून घेतात, पण वर्षभर मान आणि खांदे तयार झाल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी चक्र घ्या, ज्याला व्हिडिओवाले कार्टव्हील म्हणतात. जमिनीवर चुन्याने सरळ रेघ मारा. हात, हात, पाय, पाय, चारही एकामागून एक त्याच रेघेवर पडले पाहिजेत, बैलगाडीच्या चाकाचे आरे जसे पाळीपाळीने जमिनीकडे येतात तसे. सुरुवातीला पाय वर गेलेच पाहिजेत असं नाही. जमिनीवर ठेवलेल्या दोरीच्या एका बाजूला हात टेकून पाय ससाउडीने पलीकडे न्यायचे. मग हळूहळू पाय उंच. चक्रात मान सुरक्षित राहते, मुलींना ते फार लवकर जमतं, आणि बघणाऱ्यालाही काहीतरी घडल्यासारखं वाटतं. हातांवर उभं राहणं भिंतीने शिकवा. भिंतीकडे पाठ करून ओणवं व्हायचं आणि पाय भिंतीवर चढवत न्यायचे, आधी कमरेएवढे, मग वर. परत यायचं तेही पावलापावलाने. हात थकले की खाली यायची परवानगी विचारायची नसते, यायचंच असतं. हेही आधी सांगा.

५७ मुलं आणि एक बाई, यावर एकच नियम पाळा. ज्या ठिकाणी डोकं खाली जातं अशी जागा एका वेळी एकच, आणि तिथे तुम्ही. बाकीचे गट पायरीवरून उतरणं, चुन्याच्या रेघेवर एका पायाचा तोल, आकार धरणं, दोरीवरच्या उड्या यांत. तुम्हाला तिथून हलावं लागलं, फोन आला, मुख्याध्यापकांनी हाक मारली, तर गादी बंद. रांगेतला पुढचा जाईल तो आधीचा गादीवरून पूर्ण बाहेर गेल्यावरच. आणि खिचडीनंतरचा तास यासाठी घेऊ नका, का ते पहिल्याच गटात कळेल. शनिवारची सकाळची शाळा सगळ्यांत चांगली. मार्च लागला की आठ-साडेआठनंतर मैदानावर काही करायचं नाही. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

मुलींचं. ‘लाजतात’ म्हणून सोडून देऊ नका, त्या का बसून राहतात ते त्यांनाच, मुलं नसताना विचारा. बहुतेक वेळा कारण कपड्यांचं निघतं. उलटं झालं की कुर्ता वर जातो, स्कर्टचं तर बोलायलाच नको. ओढणी काढून ठेवायची, कुर्ता सलवारीत खोचायचा, स्कर्टच्या आत ट्रॅकपॅन्ट. केसांना वेणी, मागे क्लचर नको, कोलांटउडीत तो थेट डोक्यात घुसतो. बांगड्या, तोरड्या, कानातली लोंबणारी डुलं काढायची. मुलांचे कडे आणि गळ्यातले ताईतही. मुलींचा गट शाळेच्या मागच्या बाजूला घ्या किंवा मुलांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उतरण्याचं काम द्या. आधार देताना हात कुठे लावणार ते प्रत्येकाला आधी सांगा, मुलगा असो की मुलगी. पाळी असेल त्या दिवशी करायचं की नाही हे तिने ठरवायचं. कोणी विचारू नये, कोणी अडवूही नये. तुम्ही बाई आहात ही इथे मोठी सोय आहे. पुरुष शिक्षकाला जे महिनोन्महिने जमत नाही ते तुमच्याकडून एका शनिवारात होईल.

या वयात आणखी एक गंमत होते. जून-जुलैत झकास कोलांटउडी मारणारा मुलगा जानेवारीत धडपडू लागतो. त्याने सराव सोडला असं नसतं, त्याचे पाय वाढलेले असतात. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात, मधल्या काळात अंग आखडतं आणि अंदाज चुकतो. मुलींचं हे बहुधा सहावी-सातवीत होतं, मुलांचं जरा उशिरा. त्या वेळी गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागलं तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. तिथे हाड अजून वाढत असतं. त्याच्या उड्या काही दिवस बंद, आकार आणि तोल चालू. आणि पाय फाकवताना मुलाच्या पाठीवर बसून दाब द्यायची जी जुनी पद्धत आहे, ती तुमच्या मैदानावर दिसू देऊ नका. स्नायू फाटतो, लवचीकता येत नाही.

आता २६ जानेवारी. पाच थर नाहीत. यावर मला घासाघीस करायचीच नाही. दहीहंडीत १४ वर्षांखालच्या मुलाला थरावर चढवणार नाही, असं राज्य सरकारने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं आहे. त्या गोविंदांकडे सरावाचे महिने असतात, खाली शेकडो हात असतात. तुमच्याकडे बारा-तेरा वर्षांची मुलं, चार गाद्या आणि झेंड्याचा कोबा. पेटतं रिंगण म्हणजे रॉकेलने भिजवलेलं टायर आणि टेरिकॉटचा गणवेश. याला मी व्यायामच म्हणत नाही. तसल्या उड्या सर्कशीत पगार घेऊन मारतात.

पण सरपंचांना नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नाही. त्यांना काहीतरी बघायचंय आणि चार लोकांना दाखवायचंय, त्यात वाईट काही नाही. सगळे ५७ एकदम मैदानात आणा. आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत लेझीम असतेच. तिच्या ठेक्यावर सगळ्यांनी एकदम आकार बदलायचे. मग दोन ओळींतून चक्रं, एका पाठोपाठ एक, समोरासमोरून. मग जोडीचे तोल, दोघांनी मनगटं धरून मागे झुकणं, एकाच्या मांडीवर दुसऱ्याने पाय रोवून उभं राहणं. शेवटी मनोरा हवाच असेल तर दोन थरांचा. खालचे हाता-गुडघ्यांवर, वरचेही त्यांच्यावर हाता-गुडघ्यांवर. वरच्याचे हात खालच्याच्या खांद्यांवर, गुडघे कमरेच्या हाडावर, पाठीच्या मध्यावर कधीच नाही. उतरायचं ते शिटीवर, वरचा आधी, पाय खाली टेकत. उडी मारून नाही. सहा-सहांचे असे मनोरे मैदानभर एकाच शिटीला उभे राहिले की पाच थरांपेक्षा जास्त भरल्यासारखं दिसतं. त्यात प्रत्येक घरचं पोर असतं. सरपंचांनाही हे लवकर कळेल. पाच थरांत टाळ्या एकाच पोराच्या बापाच्या, इथे सगळं गाव उभं. कार्यक्रम सतरंजी बांधलेल्या गाद्यांवर किंवा मऊ जागेवर, कोब्यावर नाही, आणि ज्याला सरावात दहा वेळा नीट जमलं नाही त्याने ते त्या दिवशी करायचं नाही.

गुण द्यायची वेळ आली तर उडीच्या उंचीला देऊ नका. सप्टेंबरात काय येत होतं आणि फेब्रुवारीत काय येतं, तेवढं वहीत टिपून ठेवा. आकारिक मूल्यमापनाचं काम त्यात भागतं.

राहिला तो विहिरीतला मुलगा. त्याला करून दाखवू देऊ नका. पाण्यात उलटी उडी येणं आणि जमिनीवर येणं यात बराच फरक आहे. पाणी चुकीची उडीही झेलतं. पण त्याला गप्पही बसवू नका, असं पोर दहा वर्षांत एखादं मिळतं. त्याला उतरण्याचं काम द्या. पायरीवरून उडी, तीन आकडे न हलता. बघा, सुरुवातीला त्यालाच जमणार नाही आणि तो चिडेल. जमलं की बाकीच्यांना दाखवायला त्यालाच उभं करा. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत, घरच्यांशी बोलून, त्याला एकदा अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात नेऊन आणा. १९१४ पासूनची संस्था आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आपल्याच विदर्भातली जागा आहे आणि मल्लखांबापासून जिम्नॅस्टिक्सपर्यंत तयारीने शिकवणारी माणसं तिथे आहेत. त्याने नुसतं बघितलं तरी पुष्कळ.

आणि विहिरीचं त्याला आत्ताच बजावून ठेवा. होळीनंतर पाणी झपाट्याने उतरतं, पोरं मात्र उडी त्याच काठावरून, त्याच जोरात मारतात. खाली उतरून पाणी किती आहे ते बघितल्याशिवाय, आणि एकटं असताना, उडी मारायची नाही. हे त्याच्या आईलाही सांगा.